पुढचा कोणता?

संग्रह करणाऱ्या माणसांची एक गंमत असते. जे जमवले त्याबद्दल विचारा, पाच मिनिटांत आटपेल. जे अजून मिळालेले नाही त्याबद्दल विचारा, तास दीड तास कुठे गेला ते कळणार नाही. आमच्या वाड्यात काड्यापेट्यांचे छाप जमवणारे एक गृहस्थ होते. दोन पत्र्याच्या ट्रंका भरून छाप, आणि त्या ट्रंकांवर गाद्यांची चळत. ट्रंक उघडायचा प्रसंग वर्षातून एकदाच यायचा, गाद्यांना ऊन दाखवायचे त्या दिवशी. पण कुठलासा एक जुना स्वीडिश छाप त्यांना मिळत नव्हता. त्या न मिळालेल्या छापाचे वर्णन ते रोज सकाळी दुधाच्या रांगेत करायचे. सबंध वाड्याला तो छाप पाठ झाला होता. ट्रंकेत काय आहे ते मात्र त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हते.

तेव्हा संग्रहाचा जीव जमलेल्या वस्तूंत नसतो. तो 'पुढची कोणती?' या प्रश्नात असतो.

पुण्याला हा नाद काही नवा नाही. डॉ. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, दौती, अडकित्ते, वाद्ये गोळा केली, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली सगळे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. वस्तूंचे असे करता येते. कारण अडकित्त्यात एक मोठा गुण आहे. त्याला भूक लागत नाही. तो आजारी पडत नाही, आपण काशीयात्रेला निघालो तर शेजाऱ्यांकडे ठेवावा लागत नाही, आणि आपल्यामागे याचे कसे होईल या काळजीने मालकाची झोप उडत नाही.

माझ्या भाच्याच्या संग्रहाला भूक लागते. त्याने टॅरंटुला पाळले आहेत.

टॅरंटुला म्हणजे कोळी. आपल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात असतो तो हडकुळा जीव डोळ्यांपुढे आणू नका. हा तळहाताएवढा, अंगभर केस असलेला आणि चालताना आठ पाय असे सावकाश टाकणारा, की वाटावे लग्नाच्या मांडवात वरमाई फिरते आहे. नाव आले ते इटलीतल्या तारांतो गावावरून. तिथला एक कोळी चावला की माणसाने बेभान होऊन नाचायचे, म्हणजे विष उतरते, अशी जुनी समजूत होती. त्यातून एक नाचही निघाला. पुढे युरोपातली माणसे अमेरिकेत गेली, तिथले केसाळ कोळी बघून दचकली आणि त्यांनी गावाकडचे नाव त्यांना देऊन टाकले. इटलीतला मूळ कोळी वेगळ्याच कुळातला. म्हणजे चावला एक, नाचले दुसरे आणि बदनाम झाला तिसराच. आपल्याकडे कचेऱ्यांतून असेच चालते.

भाचा राहतो मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे. मुळशी म्हटले की जुन्या माणसांना सेनापती बापट आणि १९२१ साली सुरू झालेला धरणाविरुद्धचा सत्याग्रह आठवतो, खवय्यांना आंबेमोहोर आठवतो आणि नव्या पिढीला हिंजवडी. होय, ती काचेच्या इमारतींची हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते. भाचा तिथे संगणकावर काम करतो आणि संध्याकाळी डोंगराच्या कुशीतल्या आपल्या छोट्या घरी परत जातो. घरात तो, त्याची आई म्हणजे माझी ताई, आणि पाच टॅरंटुला. लग्न झालेले नाही. का झालेले नाही हे ताईला विचारले तर ती नुसती पेट्यांच्या मांडणीकडे बघते.

प्रत्येकीला वेगळी काचपेटी, तळाला माती, एक नारळाची करवंटी आडोशाला आणि पाण्याची इवलीशी वाटी. एक चिलीची, एक मेक्सिकोची, एक होंडुरासची, असा सगळा परदेशी गोतावळा. माझ्या सबंध खानदानात पासपोर्ट निघाले चार. इथे नुसत्या मांडणीवर पाच परदेशी.

या मंडळींचा त्रास फारसा नाही, हे कबूल केले पाहिजे. भुंकत नाहीत, सोफा ओरबाडत नाहीत. आठवड्याला एखादे झुरळ दिले की पुरे. कधी मनात आले तर महिनोन्महिने काही खात नाहीत. ताई त्याला चातुर्मास म्हणते. एकदा मेक्सिकोवाली सकाळी उताणी पडलेली दिसली. ताईने गंगाजलाची कुपी काढली. भाचा आंघोळीहून ओरडत आला, "आई, हात लावू नकोस, ती कात टाकतेय." दुपारपर्यंत खरोखरच पेटीत दोन कोळी होते, एक पोकळ आणि एक नवा कोरा. कात टाकताना तुटका पायसुद्धा पुन्हा फुटू शकतो म्हणे. ताईचे गुडघे दुखतात. ती बराच वेळ त्या पेटीकडे बघत बसली होती.

मोठा उलटापालट झाला तो झुरळांच्या बाबतीत. ताईने आयुष्यभर झुरळ दिसले की चप्पल उचलली. आता त्याच घरात, माळ्यावरच्या डब्यात, खाद्य म्हणून झुरळे पोसली जातात आणि ताई त्यांना गाजर किसून घालते. घरात कीटकनाशक मारायची सोय नाही, कारण त्याने कोळीही मरतील. "काय सांगू तुला," ताई मला म्हणाली, "नातवंडांसाठी गाजरहलवा करीन म्हणत होते. झुरळांना कीस घालतेय."

तर अशा या घरात गेल्या वर्षी 'पुढचा कोणता?' हा प्रश्न उभा राहिला. सहावा टॅरंटुला आणायचा होता आणि भाच्याने मला सल्ल्यासाठी बोलावले. मला कोळ्यांतले काही कळत नाही. पण आमच्याकडे लग्न जमवायचे असो की फ्लॅट घ्यायचा असो, मामाला विचारायची पद्धत आहे. भाचा मोबाईलवर एकेक फोटो दाखवत होता, ताई पोहे आणत होती, आणि मला वाटायला लागले की हा मुलगी बघण्याचाच कार्यक्रम आहे. फक्त मुली आठ पायांच्या.

पहिले स्थळ दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलातले. घराणे मोठे, अंगाने थोराड. पाय पसरले तर जवळजवळ फूटभर, म्हणजे चांगली भाकरीएवढी. जगातल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांत तिची गणना होते. ताईने एकदाच फोटो पाहिला आणि म्हणाली, "हिला मी झुरळ नाही घालायची. ही मला काय घालशील म्हणून विचारेल."

दुसरे स्थळ नाजूक. झाडावर राहणारी, काळी मखमली अंगकांती आणि आठही पावलांना गुलाबी टोके, जणू मेंदी रंगलीय. मी हो म्हणणार होतो. पण चौकशीत एक खोड निघाली. घाबरली की ती समोरच्यावर नेम धरून विष्ठेची पिचकारी उडवते. स्थळ चांगले असूनही चौकशी का करावी, ते यावरून कळते.

तिसरे स्थळ मात्र असे होते की फोटो बघून पोह्यांचा चमचा हातातच राहिला. निळा रंग. मोरपिशी म्हणावे की नीलमण्याचा म्हणावे कळेना. पायांवर पिवळे पट्टे. मी विचारले, "ही कुठली? ब्राझीलची?"

"मामा, ही गुत्तीची."

गुत्ती! म्हणजे मुरारराव घोरपड्यांची गुत्ती! आंध्रातला तो किल्ला. मुंबईहून पुण्यावरून मद्रासकडे जाणाऱ्या रेल्वेवर गुंतकलच्या पुढे लागते ती. त्या गुत्तीत रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत हा निळा कोळी सापडला आणि पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन छापले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तो कुणाला दिसलाच नाही. अखेर सापडला तो गुत्तीपासून दूर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या रानात, जुन्या झाडांच्या ढोल्यांत. म्हणजे वखारीत आला होता तो बहुधा लाकडांबरोबर. २००८ साली त्याची नोंद नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत झाली. त्याचे सगळे राज्य मिळून शंभर चौरस किलोमीटरसुद्धा नाही आणि तिथलीही झाडे इमारती लाकडासाठी, सरपणासाठी तुटत आलेली. दुसरीकडे युरोप-अमेरिकेत तो काचपेट्यांतून पैदा होतो आणि विकला जातो. मुराररावांच्या मुलुखातला निळा सरदार रानात एक ढोली राखून आहे आणि परदेशात त्याचे सरंजाम वाढताहेत.

भाचा कायद्याने चालणारा आहे, हे इथे सांगायला हवे. गुत्तीच्या या निळीचे सगळे भाऊबंद २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेले. अशा यादीतले परदेशी प्राणी घरी असतील तर सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्यांची नोंद करायची, असे नियम २०२४ साली आले. त्याने लागू असेल ती सगळी नोंद केलेली आहे. ताईच्या घराचा सातबारा अजून तिच्या नावावर व्हायचा आहे, पण मेक्सिकोवालीचे कागद चोख.

सगळेच असे चोख नसतात. २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी पोलंडहून आलेले एक पार्सल उघडले. आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या इवल्या कुप्या, आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी. एकूण १०७. ही आकडेवारी वाचून मला जपमाळ आठवली. एक मणी कमी. कोळी मूळचे मेक्सिकोकडच्या जातींचे, आले पोलंडहून, निघाले तमिळनाडूत. त्यांना पुन्हा पोलंडला धाडायचे ठरले. कुणाच्या तरी 'पुढचा कोणता?' या प्रश्नापायी एकशे सात जिवांना कापसात बसून पृथ्वीप्रदक्षिणा घडली.

हे सगळे मी भाच्याला म्हणालो तेव्हा त्याने मला जे उत्तर दिले त्याने मी गारच झालो. तो म्हणाला, "मामा, लोक कुत्रा पाळतात तो सौदा असतो. तुम्ही भाकरी घालता, तो शेपूट हलवतो. हिशेब चुकता. मांजर पाळलं तर निदान मांडीवर येऊन बसतं. माझ्या कोळ्यांना मी कोण ते माहीतही नाही. त्यांना आठ डोळे आहेत, पण नीट दिसत नाही. पायाच्या केसांना कंप जाणवतो तेवढाच. त्यांच्या लेखी मी म्हणजे एक हादरा. मी मेलो तर त्यांना दुसरा हादरा येईल. तरी मी त्यांचं सगळं करतो. याला गीतेत काय म्हणतात?"

निष्काम कर्मयोग! मी पोह्यांची बशी खाली ठेवली. आमच्या कुटुंबात गीतेचे वर्ग घेणारे दोघे होऊन गेले, पण फळाची अपेक्षा सोडण्याचे इतके केसाळ उदाहरण त्यांना सुचले नव्हते. आणि युक्तिवादात काही खोट आहे असे पटकन दिसेना. ज्याच्याकडून काहीही परत मिळणार नाही, ओळखसुद्धा मिळणार नाही, त्याचे करणे हे शुद्ध करणे खरेच. आपण पोटच्या पोरांचे करतो त्यातही म्हातारपणीच्या काठीचा हिशेब कुठेतरी असतो.

मी दोन दिवस त्यावर विचार केला. मग एक बारीकशी फट सापडली. भाचा निष्काम आहे, अगदी मान्य. पण तो आहे घरात असलेल्या पाच जणींच्या बाबतीत. न आलेल्या सहावीच्या बाबतीत तो पुरेपूर सकाम आहे. पाच जणींना तो दिवसाकाठी पाच मिनिटे बघतो. निळीचा फोटो रात्री बारा वाजेपर्यंत. कामना घर सोडून गेलेली नव्हती. तिने फक्त बिऱ्हाड बदलले होते आणि ती पुढच्या पेटीत जाऊन बसली होती.

आपले सगळ्यांचेच असे नाही का? नेसलेली साडी जुनी असते, दुकानातल्या काचेआडची आपली असते. वाचलेल्या पुस्तकांपेक्षा घ्यायच्या पुस्तकांची यादी प्रिय. फक्त साडीला आणि पुस्तकाला काही वाटत नाही, म्हणून हा खेळ निर्धोक. जिवंत प्राण्याच्या बाबतीत 'पुढचा' म्हणताना आपण त्याच्या आयुष्याची वर्षे मागून घेत असतो, आणि तेवढीच आपलीही देत असतो. ती मोजायची पद्धत मात्र कुठल्याच छंदात नाही. पेट्या मोजल्या जातात.

मी वर्षे मोजायला बसलो. टॅरंटुलाच्या नराचे तसे लवकर आटोपते. वयात आला की बीळ सोडतो, मादी शोधत रानोमाळ हिंडतो आणि पुढे फार दिवस काढत नाही. ही कथा ओळखीची वाटेल, पण विषयांतर नको. माद्या मात्र चिवट. काही जातींच्या माद्या वीस-पंचवीस वर्षे सहज काढतात. पिल्लू आणले तर ते नर की मादी हे लवकर कळतही नाही. टाकलेली कात भिंगाखाली धरून पत्रिका बघावी लागते. समजा, आज सहावी आणली आणि ती मादी निघाली. भाचा छत्तीस वर्षांचा आहे. पंचवीस वर्षांनी त्याची एकसष्टी. ताई सत्तरीची आहे. माझा हिशेब मी काढला नाही. कागद संपला होता.

आणि हा हिशेब नुसता कागदावरचा नव्हता. भाच्याला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला जायला विचारले होते. पाच जणींना बरोबर नेता येणार नाही. मग त्यांचे कोण करणार? उत्तर सगळ्यांना माहीत होते आणि ते स्वयंपाकघरात गाजर किसत होते.

पुराणातला भरत राजा आठवा. राज्य सोडले, बायकापोरे सोडली, रानात जाऊन तप मांडले. सगळे सुटले, आणि एका हरणाच्या पाडसात जीव अडकला. मरताना डोळ्यांपुढे पाडस होते म्हणून पुढचा जन्म हरणाचा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला पाडस वाचवले त्याची शिक्षा का, हे कधी कळले नाही. आता वाटते, पाडसाला पाण्यातून काढले इथपर्यंत ठीक होते. 'माझे' म्हटले तिथे गाडी अडली. भाच्याला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मरताना टॅरंटुला आठवली तर पुढचा जन्म टॅरंटुलाचा ना? मला चालेल." हल्लीच्या मुलांना पुराणे सांगण्यात अर्थ नाही. शिक्षेचे त्यांना बक्षीस वाटते.

पण त्याच भागवतात, अकराव्या स्कंधात, अवधूताची गोष्ट आहे. एकनाथांनी ती मराठीत विस्ताराने आणली. अवधूताने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, समुद्र, कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, साप आणि कोळीसुद्धा. कोळी स्वतःतूनच धागा काढतो आणि स्वतःच गिळतो, त्यावरून सृष्टी कशी होते आणि कशी विरते ते तो शिकला. चोवीस म्हणजे संग्रह चांगलाच मोठा. आजच्या कुठल्याही छंदिष्टाला हेवा वाटावा असा. पण या संग्राहकाची खुबी ही की त्याने चोविसांतला एकही घरी आणला नाही. हत्ती हत्तीच्या जागी, कोळी कोळ्याच्या जागी. तो गेला, बघितले, शिकला आणि पुढे निघाला. 'पुढचा कोणता?' हा प्रश्न त्यालाही पडत असणार. पण त्याच्या पुढच्याला पेटी लागत नव्हती.

तुम्ही म्हणाल, त्या गोष्टी पुराणातल्या. तर मग परवाचीच सांगतो. बार्बरा यॉर्क मेन नावाच्या एक बाई ऑस्ट्रेलियात कोळ्यांचा अभ्यास करीत. १९७४ साली त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका राखीव रानात कोळ्यांच्या बिळांशेजारी नंबरच्या खुंट्या रोवायला सुरुवात केली. हे कोळी टॅरंटुला नव्हेत, पण दूरच्या नात्यातले. बिळाला झाकण लावून आत बसणारे. त्यांतल्या एका मादीला नंबर आला सोळा. या कोळिणीची रीत अशी की एकदा बीळ केले की जन्मभर तेच. बाई वर्षानुवर्षे जात, झाकण शाबूत आहे ना बघत, वहीत टिपत आणि परत येत. पुढे त्या थकल्या, तरी काम थांबले नाही. २०१६ साली पुढच्या पिढीतली संशोधिका गेली तेव्हा सोळा नंबरच्या झाकणाला भोक पडलेले होते. गांधीलमाशीच्या जातीतल्या कुणीतरी डाव साधला होता. सोळा नंबर त्रेचाळीस वर्षे जगली होती. इतका दीर्घायुषी कोळी दुसरा नोंदला गेलेला नव्हता.

त्रेचाळीस वर्षांचा सहवास. पेटी नाही, करवंटी नाही, झुरळ नाही. एक खुंटी आणि एक वही. हे मला कुठल्याही लग्नापेक्षा अवघड वाटते.

ही गोष्ट भाच्याला माझ्याआधीच माहीत होती, हे सांगायला नको. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याने पेट्या मांडल्या नसत्या तर त्याला डोळे आले नसते. मुळशीत बंगल्यांसाठी जागा घेणारे शेकड्याने आहेत. डोंगराला जेसीबी लावताना मातीत काय होते हे बघायला कुणी वाकत नाही. भाचा वाकतो. मेक्सिकोवालीने त्याला वाकायला शिकवले. तेव्हा पेटीतल्या जीवाचे ऋण नाही असे कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच की धडा गिरवून झाल्यावर आणखी किती पाट्या घ्यायच्या.

आणि त्या वाकण्यामुळेच पुढचे घडले. पाच पेट्यांची मांडणी भरली होती. सहावी, सातवी, आठवी यायची तर वेगळी खोली हवी, म्हणून घरामागचा तांबड्या मातीचा दरडीसारखा बांध कापायचे ठरले. गवंडी आला, दोरी धरली गेली. भाचा कंदील लावून, म्हणजे आपला मोबाईलचा दिवा लावून, संध्याकाळी माप घेत होता. बांधाच्या पोटात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे एक भोक, आणि त्याच्या तोंडाशी पांढऱ्या रेशमाचे अस्तर. दिवा विझवून तो तासभर बसला. पुन्हा लावला तेव्हा तोंडाशी दोन केसाळ पाय बाहेर आले होते. इथलीच. सह्याद्रीतली. पासपोर्ट नसलेली.

सकाळी गवंड्याने बघितले आणि नेहमीचा उपाय सांगितला. "सायेब, वाईच राकेल वततो. आतल्या आत गार हुतंय."

भाचा काही बोलला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिले ते निळीचा फोटो बघतानाही पाहिले नव्हते. चिलीच्या, मेक्सिकोच्या पाहुण्यांसाठी खोली बांधायची म्हणून मूळच्या घरमालकिणीला रॉकेल पाजायचे, हा हिशेब त्याच्या संगणकाच्या डोक्यालाही जमेना. तो एवढेच म्हणाला, "पकडून पेटीत ठेवली तर?" मग आपणच मान हलवली. ज्या बिळात ती वाढली ते बीळ पेटीत ठेवता येत नाही.

खोली राहिली. गवंड्याला आगाऊ दिलेले पैसे त्याने परत केले नाहीत. त्या पैशांत त्याने न्हाणीघराची फरशी बसवून दिली. ताई खूश झाली. भाच्याने बिळाशेजारी एक लाकडी खुंटी रोवली आणि तिच्यावर रंगाने आकडा लिहिला, ६.

जर्मनीचे अजून ठरायचे आहे. निळीचा फोटो मोबाईलमध्ये अजून आहे, हे मी पाहिले आहे. कामनेचे बीळही जन्मभराचेच असते. झाकण लावले तरी आत कुणीतरी बसलेले असते. त्यामुळे भाच्याने संग्रह थांबवला असे मी म्हणणार नाही. सध्या तो मोजण्याची रीत बदलून बघतो आहे, एवढेच. रोज सांजवेळी मागच्या दारी जाऊन वहीत काहीतरी टिपतो.

मला मात्र या सबंध प्रकरणात निष्काम कर्मयोगी भेटला तो वेगळाच. तिला कोळी आवडत नाहीत. त्यांची नावे तिला म्हणता येत नाहीत. पुढचा कोणता, हा प्रश्न तिला आयुष्यात कधी पडलेला नाही. तिला रोज एकच प्रश्न पडतो, आणि तो ती कामावरून आलेल्या मुलाला चहाच्या आधी विचारते, "आहेत त्यांच्या वाट्यांत पाणी बघितलंस का रे?"

परवा मी तिला म्हटलं, "ताई, आता सहावीचंही तुलाच बघावं लागणार."

"हिचं काय बघायचंय?" ताई म्हणाली. "हिला पाणी घालायला मुळशीचा पाऊस आहे. फक्त तेवढं तो रॉकेलवाला येत नाही ना, ते बघायचं."